द डार्क नाइट (चित्रपट)

'द डार्क नाइट' हा क्रिस्टोफर नोलन यांनी दिग्दर्शित केलेला, बॅटमॅन या चित्रकथेतील पात्रावर आधारित इंग्रजी चित्रपट आहे. तो १८ जुलै २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. नोलन यांच्या बॅटमॅन-त्रयीतील हा दुसरा चित्रपट होय. पहिला 'बॅटमॅन बिगिन्स' (२००५) आणि तिसरा 'द डार्क नाइट राइझेस' (२०१२). सुमारे १८.५ कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. हा टप्पा ओलांडणारा तो तोवरचा चौथाच चित्रपट होता. त्याची लांबी १५२ मिनिटे आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश केला.

देवनागरीत लिहिताना या नावाचा अर्थ हमखास निसटतो. येथील 'नाइट' म्हणजे रात्र नव्हे. मध्ययुगीन युरोपातील, राजाशी आणि आपल्या व्रताशी बांधील असलेल्या शस्त्रधारी सरदाराला इंग्रजीत त्याच उच्चाराचा, पण वेगळ्या वर्णांचा शब्द आहे. 'काळोखातला शिलेदार' हा या शीर्षकाचा जवळचा मराठी अर्थ होईल. चित्रपटाच्या अखेरीस हे बिरुद नायकाला मिळते तेव्हा तो गौरव असतो की कलंक, हे ठरवणे अवघड आहे. आणि या कलाकृतीविषयीचे बहुतेक वाद तेथेच सुरू होतात.

पार्श्वभूमी

बॅटमॅन हे पात्र १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात प्रथम अवतरले. त्याचे श्रेय दीर्घकाळ एकट्या बॉब केन यांना दिले जाई. लेखक बिल फिंगर यांचा वाटा मोठा असूनही त्यांना अधिकृत श्रेय मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. १९४० मध्ये 'बॅटमॅन' या स्वतंत्र नियतकालिकाच्या पहिल्या अंकात जोकर आला. त्याच्या चेहऱ्यामागे 'द मॅन हू लाफ्स' (१९२८) या मूकपटातील कॉनराड फाइट या अभिनेत्याच्या रंगभूषेची प्रेरणा होती. तो मूकपट व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवर आधारलेला होता. हार्वी डेंट, म्हणजेच पुढचा 'टू-फेस', हे पात्र १९४२ मधले.

१९६०च्या दशकातील दूरचित्रवाणी मालिकेने बॅटमॅनला विनोदी, रंगीबेरंगी रूप दिले. त्याला पुन्हा काळोखात नेण्याचे काम चित्रकथाकारांनी केले. फ्रँक मिलर यांची 'द डार्क नाइट रिटर्न्स' (१९८६), ॲलन मूर व ब्रायन बोलंड यांची 'द किलिंग जोक' (१९८८) आणि जेफ लोब व टिम सेल यांची 'द लाँग हॅलोविन' (१९९६-९७) या त्यातील महत्त्वाच्या कृती होत. पडद्यावर टिम बर्टन यांच्या 'बॅटमॅन'ला (१९८९) मोठे यश मिळाले. पण १९९७ सालच्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'ची इतकी खिल्ली उडाली की ही चित्रपटमालिकाच थांबली. नोलन यांनी ती २००५ मध्ये नव्याने सुरू केली. गॉथम हे काल्पनिक शहर त्यांनी अद्भुत न ठेवता शिकागोच्या खऱ्या रस्त्यांवर आणून ठेवले. 'द डार्क नाइट'वर मायकल मान यांच्या 'हीट' (१९९५) या पोलीस-दरोडेखोरांच्या चित्रपटाची छाया दिसते. एका अर्थाने हा मुखवटा घातलेल्या माणसाभोवती रचलेला गुन्हेगारीपटच आहे.

कथानक

गॉथममधील संघटित गुन्हेगारीचा कणा मोडण्यासाठी तीन माणसे एकत्र येतात : मुखवट्याआड वावरणारा अब्जाधीश ब्रूस वेन (क्रिश्चन बेल), पोलीस अधिकारी जेम्स गॉर्डन (गॅरी ओल्डमन) आणि नवा सरकारी वकील हार्वी डेंट (ॲरन एकहार्ट). डेंट कायद्याच्या चौकटीत राहून काम करतो, म्हणून तोच शहराचा खरा तारणहार आहे आणि त्याच्यामुळे आपल्याला मुखवटा कायमचा उतरवता येईल, अशी ब्रूसची आशा असते. या आशेला एक खाजगी पदरही आहे; ब्रूसचे जिच्यावर प्रेम आहे ती रेचल डॉज (मॅगी जिलेनहाल) आता डेंटची सहचारिणी आहे.

कोंडीत सापडलेल्या टोळ्या नाइलाजाने जोकर (हीथ लेजर) या विदूषकी रंगभूषेतील गुन्हेगाराला जवळ करतात. बॅटमॅन आपली ओळख उघड करत नाही तोवर रोज माणसे मरतील, अशी धमकी तो देतो. डेंट 'मीच बॅटमॅन' असे खोटेच जाहीर करतो, जोकर पकडला जातो. पण तुरुंगात जाणे हाही त्याच्या डावाचा भाग असतो. डेंट आणि रेचल यांना दोन ठिकाणी स्फोटकांसह डांबलेले असते. जोकर पत्ते उलटे सांगतो. रेचलला वाचवायला धावलेला बॅटमॅन डेंटपाशी पोहोचतो; रेचल मरते, डेंटचा अर्धा चेहरा जळतो आणि शहराची आशा असलेला हा माणूस नाणे उडवून माणसांचे जीव घेऊ लागतो. अखेरीस बॅटमॅन गॉर्डनच्या मुलाला वाचवत असताना डेंटचा मृत्यू होतो. शहराने डेंटवरचा विश्वास गमावू नये म्हणून बॅटमॅन त्याने केलेल्या हत्या आपल्या माथी घेतो आणि परागंदा होतो.

कसोट्यांची रचना

या चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या पटकथेच्या रचनेत आहे. पटकथा क्रिस्टोफर व जोनाथन नोलन या बंधूंची असून मूळ कथेत डेव्हिड एस. गॉयर यांचाही सहभाग आहे. महानायकपटांत सामान्यतः खलनायकाला काहीतरी हवे असते, उदाहरणार्थ सत्ता, संपत्ती वा सूड, आणि नायक त्याला अडवतो. येथील जोकर टोळ्यांनी दिलेल्या नोटांची रास पेटवून देतो. त्याला जे हवे आहे ते एका परीक्षकाला हवे असते : समोरची माणसे आपल्या तत्त्वांना किती किमतीपर्यंत चिकटून राहतात याचा निकाल. म्हणून प्रत्येक मोठा प्रसंग हा एक प्रश्न आहे. एका माणसाने मुखवटा काढला तर इतर वाचतील, काढावा का? दोघांपैकी एकालाच वाचवता येईल, कोणाला? एका लेखापालाला मारले नाही तर रुग्णालय उडवले जाईल. मग नागरिक काय करतील?

याचे उत्तम उदाहरण म्हणजे पोलीस ठाण्यातील चौकशीचा प्रसंग. अंधाऱ्या खोलीत दिवे लागतात आणि बॅटमॅन जोकरच्या मागे उभा असल्याचे दिसते. तो त्याला आपटतो, ठोसे मारतो. जोकर हसत राहतो. नायकाचे बाहुबळ, ज्यावर हा सारा चित्रपटप्रकार उभा आहे, ते येथे पूर्णपणे निरुपयोगी ठरते. ज्याला गमावण्यासारखे काही नाही त्याला धाक कशाचा घालणार? शिवाय मारहाणीनंतर मिळालेली माहितीही खोटी निघते. छळ करून सत्य हाती लागते, या त्या काळी अमेरिकेत जोरात असलेल्या समजुतीला या प्रसंगाने दिलेले उत्तर कोणत्याही भाषणापेक्षा नेमके आहे.

डेंटच्या नाण्याची योजनाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. आरंभी तो प्रत्येक निर्णय नाणे उडवून घेतल्याचा आव आणतो. नंतर कळते की त्याच्या नाण्याला दोन्ही बाजूंनी छापाच आहे, म्हणजे दैव वगैरे काही नसून निर्णय त्याचाच असतो. स्फोटात नाण्याची एक बाजू जळून काळवंडते. आता छापा-काटा खरोखरच वेगळे होतात आणि स्वतःचे दैव घडवणारा माणूस दैवाच्या अधीन होतो. पात्राचे संपूर्ण परिवर्तन एका वस्तूत साठवण्याची ही पद्धत उत्तम नाटककाराला शोभणारी आहे.

हीथ लेजर यांचा जोकर

ऑस्ट्रेलियन अभिनेते हीथ लेजर यांची निवड जाहीर झाली तेव्हा अनेक चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली होती. लेजर यांनी तयारीसाठी लंडनमधील हॉटेलच्या खोलीत काही आठवडे एकांतात घालवले, आवाजावर काम केले आणि पात्राची एक रोजनिशी लिहिली. पडद्यावर दिसणारे ओठ चाटणे, वाकलेली मान, मध्येच खाली घसरणारा व मध्येच किंचाळीकडे झुकणारा स्वर या सर्वांतून एक असे माणूस उभे राहते की ज्याच्या पुढच्या क्षणाचा अंदाज बांधता येत नाही.

पटकथेने त्यांना एक मोठी मदत केली आहे. जोकर आपल्या गालांवरच्या व्रणांची कहाणी दोनदा सांगतो. एकदा दारुड्या बापाची, दुसऱ्यांदा बायकोची. दोन्ही कहाण्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणजे बहुधा दोन्ही खोट्या आहेत. दुःखद बालपणाचा दाखला देऊन खलनायकाला समजून घेण्याची प्रेक्षकाची सवय ओळखून चित्रपट तिची थट्टा करतो.

लेजर यांचे २२ जानेवारी २००८ रोजी, प्रदर्शनाच्या सहा महिने आधी, वयाच्या २८व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. या भूमिकेनेच त्यांचा बळी घेतला, असे आजही सर्रास सांगितले जाते. त्याला आधार नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांच्या एकत्रित परिणामामुळे झालेला तो अपघाती मृत्यू होता, असा निष्कर्ष न्यूयॉर्कच्या वैद्यकीय तपासणी कार्यालयाने दिला. शिवाय तेव्हा ते दुसऱ्याच एका चित्रपटाच्या चित्रीकरणात गुंतलेले होते. अभिनेत्याच्या कष्टांपेक्षा त्याच्या मरणाची दंतकथा लोकांना अधिक भावावी, हे त्या कष्टांवर अन्याय करणारे आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा ऑस्कर मरणोत्तर देण्यात आला. अभिनयासाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालेले ते पीटर फिंच यांच्यानंतरचे दुसरे कलावंत.

छायालेखन, ध्वनी आणि संगीत

छायालेखक वॉली फिस्टर यांनी काही प्रसंग आयमॅक्स या मोठ्या आकाराच्या फिल्मवर चित्रित केले. मोठ्या व्यावसायिक कथापटात या कॅमेऱ्यांचा असा वापर प्रथमच झाला. हे कॅमेरे अवजड आणि गोंगाट करणारे असल्याने संवादाच्या प्रसंगांत त्यांचा उपयोग अवघड असतो. म्हणूनच सुरुवातीचा बँकेचा दरोडा, हाँगकाँगमधील गगनचुंबी इमारतीवरील झेप असे दृश्यप्रधान प्रसंग त्यासाठी निवडले गेले. संगणकनिर्मित दृश्यांपेक्षा प्रत्यक्ष घडवलेल्या दृश्यांवर भर असल्याने चित्रपटाला वजन आले आहे. शिकागोच्या लासाल रस्त्यावर उलटणारा प्रचंड मालट्रक खरा आहे आणि कोसळणारे रुग्णालय ही त्याच शहरातील मिठाईच्या कारखान्याची जुनी, रिकामी इमारत होती.

संगीत हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचे आहे. जोकरसाठी त्यांनी धून रचलीच नाही. तंतुवाद्यावरचा एकच सूर हळूहळू ताणला जातो आणि तार तुटेल की काय अशी धास्ती वाटू लागते. पडद्यावर काहीच घडत नसतानाही हा सूर ऐकू आला की प्रेक्षक सावरून बसतो. ध्वनिसंपादनासाठी रिचर्ड किंग यांना मिळालेला ऑस्कर हा या चित्रपटाचा दुसरा ऑस्कर होय.

मर्यादा

दृश्यांच्या भव्यतेचे कौतुक करताना त्यांच्या जोडणीतील ढिसाळपणा मात्र लपत नाही. अमेरिकन समीक्षक जिम एमर्सन यांनी २०११ मध्ये मालट्रकच्या पाठलागाचे एकेक चित्रखंड तपासून दाखवले की कोणते वाहन कोठे आहे आणि कोणत्या दिशेने जात आहे याची संगती अनेकदा तुटते. हातघाईच्या प्रसंगांत हा दोष अधिक जाणवतो. अंधार, काळा पोशाख आणि जलद संकलन यांमुळे कोणी कोणाला मारले हेच कळत नाही. अखेरच्या इमारतीतील झटापट याच कारणाने भीती वा उत्कंठेऐवजी गोंधळ निर्माण करते. बॅटमॅनच्या घोगऱ्या, गुरगुरत्या आवाजाची तर सार्वत्रिक चेष्टा झाली. दोन-तीन शब्दांच्या धमकीला तो शोभतो. समारोपाच्या लांब संवादात तो कानाला बोचतो.

कथेतील काही दुवे सुटलेले आहेत. डेंटसाठी दिलेल्या मेजवानीत जोकर घुसतो, रेचलला खिडकीबाहेर ढकलतो आणि बॅटमॅन तिच्यामागे उडी घेतो. वर उरलेल्या पाहुण्यांचे आणि जोकरचे पुढे काय झाले, याचा चित्रपट पत्ता लागू देत नाही. आपल्याकडे योजना वगैरे काही नसते, असे जोकर डेंटला सांगतो. पण त्याची प्रत्येक कृती मिनिटामिनिटाच्या योजनेवाचून अशक्य आहे. दरोड्यानंतरची त्याची बस नेमकी शाळेच्या बसगाड्यांच्या रांगेत शिरते, ते काही योगायोगाने नव्हे. हे वाक्यही जोकरचे खोटेच आहे, असा बचाव केला जातो आणि तो अर्धा खरा आहे. त्याने पात्राचा बचाव होतो. रुग्णालयाखाली आणि दोन बोटींत एवढी स्फोटके कोणाच्या लक्षात न येता कशी पोहोचली, या प्रश्नाचा नाही.

डेंटचे अधःपतन घाईने उरकले आहे. तासाभराहून अधिक काळ काळजीपूर्वक उभे केलेले हे पात्र रुग्णालयातील एका संभाषणात उलटते. आणि ज्याच्यामुळे रेचल मेली त्या जोकरला नाणेफेकीवर सोडून देऊन तो दुय्यम गुन्हेगारांच्या मागे लागतो. टू-फेसची कथा स्वतंत्र चित्रपटाची होती. येथे ती शेवटच्या अर्ध्या तासात कोंबली गेली आहे.

सर्वांत ठळक उणीव रेचलच्या पात्रात आहे. ती वकील आहे, निर्भीड आहे, असे सांगितले जाते. पण कथेत तिचे काम दोन पुरुषांच्या दुःखाचे कारण होण्यापुरते उरते. तिचा स्वतःचा म्हणावा असा एकच निर्णय आहे : आपण डेंटशी लग्न करणार असल्याचे ब्रूसला कळवणारे पत्र. ते पत्र आल्फ्रेड (मायकल केन) जाळून टाकतो, ब्रूसला त्रास होऊ नये म्हणून. चित्रपट हे ममतेचे कृत्य म्हणून दाखवतो. मृत स्त्रीचा शेवटचा शब्द पुसला गेला, याची त्याला जाणीव दिसत नाही.

शेवटाविषयीचा वाद

चित्रपट आला तेव्हा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतरची जवळपास सात वर्षे लोटली होती. दहशतवाद रोखण्यासाठी नागरिकांवर पाळत ठेवावी का, कैद्यांचा छळ करावा का, हे प्रश्न अमेरिकेत पेटलेले होते. जुलै २००८ मध्येच लेखक अँड्र्यू क्लाव्हन यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये बॅटमॅनची तुलना राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याशी केली. इतरांना त्याच चित्रपटात अशा धोरणांवरची टीका दिसली. दोन्ही वाचने शक्य होतात, कारण चित्रपट येथे कच खातो. शहरातील प्रत्येक फोनवर कान ठेवणारे यंत्र बॅटमॅन बनवतो. ल्युशियस फॉक्स (मॉर्गन फ्रीमन) त्याला अनैतिक ठरवतो, तरीही एकदा वापरतो. ते अचूक काम करते आणि मग नष्ट होते. निषेध नोंदवला जातो, फायदाही पदरात पडतो. ज्या चित्रपटाने इतरांना इतक्या कठोर परीक्षेला बसवले, तो स्वतःच्या नायकाला मात्र सवलतीचे गुण देतो.

याहून गंभीर विसंगती दोन बोटींच्या प्रसंगात आणि त्यानंतरच्या शेवटात आहे. एका बोटीत सामान्य नागरिक, दुसरीत कैदी. प्रत्येकीकडे दुसरी उडवण्याची कळ. मध्यरात्रीपर्यंत कोणीच ती दाबली नाही तर दोन्ही नष्ट होणार. नागरिक मतदान घेतात आणि बहुमत स्फोटाच्या बाजूने पडते! पण कळ हाती घेतल्यावर दाबण्याचे धैर्य कोणाला होत नाही. दुसऱ्या बोटीवर एक धिप्पाड कैदी कळ मागून घेतो आणि खिडकीबाहेर फेकून देतो. चिठ्ठीवर मत देणे आणि स्वतःच्या हाताने मारणे यांतील अंतर इतक्या थोडक्यात दाखवणारा प्रसंग लोकप्रिय चित्रपटांत विरळाच. माणसे संकटात पशू होतात, हा जोकरचा सिद्धान्त येथे नागरिकांनी आणि कैद्यांनी खोटा पाडला, बॅटमॅनने नव्हे.

आणि अवघ्या काही मिनिटांत बॅटमॅन व गॉर्डन ठरवतात की याच लोकांना डेंटविषयीचे सत्य सोसणार नाही. शेवटच्या दृश्यमालिकेत जळणारे पत्र, नष्ट होणारे यंत्र आणि डेंटची श्रद्धांजली सभा एकापाठोपाठ येतात. वर संगीत चढत जाते आणि खोट्याला त्यागाचे तेज मिळते. काही समीक्षकांच्या मते ही शोकान्तिका आहे आणि तिची किंमत पुढे वसूल होणार असल्याची सूचना त्यात आहे. तिसऱ्या चित्रपटात तसे घडतेही. आठ वर्षे डेंटच्या नावाने चाललेल्या कायद्याखाली शेकडो गुन्हेगार डांबले जातात आणि गॉर्डनने लिहून ठेवलेली कबुली बेन हा खलनायक भर चौकात वाचून दाखवतो. परंतु २००८ च्या चित्रपटात, त्याच्या स्वतःच्या चौकटीत, या निर्णयाला प्रश्न विचारणारे एकही पात्र नाही.

स्वागत आणि प्रभाव

समीक्षकांचे मत प्रामुख्याने अनुकूल होते. रॉजर ईबर्ट यांनी त्याला पूर्ण चार तारे दिले. 'द न्यूयॉर्कर'मध्ये डेव्हिड डेन्बी यांनी मात्र प्रतिकूल लिहिले. ब्रिटनमध्ये पालकांसोबत १२ वर्षांखालील मुलांनाही प्रवेश देणारे प्रमाणपत्र मिळाल्याने हिंसेविषयी बऱ्याच तक्रारी झाल्या. या तक्रारी निराधार नव्हत्या. पडद्यावर रक्त फारसे दिसत नसले तरी भीतीचे वातावरण लहान मुलांना पेलणारे नाही.

आठ ऑस्कर नामांकने मिळूनही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत त्याला स्थान मिळाले नाही. पुढच्याच वर्षी अकादमीने त्या यादीतील नामांकने पाचवरून दहा केली आणि या निर्णयामागे 'द डार्क नाइट' वगळला गेल्याची नाराजी होती, असे व्यापकपणे मानले जाते. त्यानंतरच्या दशकात महानायकपटांनी त्याचा काळोख उचलला. त्याची प्रश्न विचारण्याची पद्धत क्वचितच उचलली. २०१९ मध्ये टॉड फिलिप्स यांचा 'जोकर' आला आणि त्यातील भूमिकेसाठी वाकीन फीनिक्स यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर मिळाला. एकाच काल्पनिक पात्राने दोन अभिनेत्यांना ऑस्कर मिळवून दिला. मात्र नोलन यांनी जे जाणीवपूर्वक नाकारले होते ते जोकरचे दुःखद पूर्वायुष्य, हाच त्या नव्या चित्रपटाचा संपूर्ण विषय होता.